पदवीला कमी गुण, हाताला नोकरी आणि मनात डॉक्टर होण्याची इच्छा

सुपा एमआयडीसीत आज पारनेर, श्रीगोंदा, शिरूर आणि नगर भागातली कितीतरी तरुण मुलेमुली कामाला येतात. कुणी बी.एस्सी. केलेले असते, कुणी डिप्लोमा, कुणी इंजिनिअरिंग. त्यांतल्या काहींना बारावीला असताना डॉक्टर व्हायचे होते. गुण थोडक्यात हुकले, घरची परिस्थिती ओढगस्तीची होती, मग मिळेल त्या पदवीला प्रवेश घेतला. त्या अभ्यासात मन लागले नाही, दोन-तीन विषय एटीकेटीत गेले आणि पदवी कशीबशी पास क्लासने हाती आली. पुढे नोकरी लागली, पगार सुरू झाला. पंचविशी-तिशीच्या उंबरठ्यावर जुनी इच्छा पुन्हा वर येते आणि एकच प्रश्न छळतो : पदवीला इतके कमी गुण असताना मला आता वैद्यकीय प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशासाठी पदवीचे गुण मोजलेच जात नाहीत. पाहिली जाते ती बारावी आणि मोजले जातात ते नीटचे गुण. प्रवेशाच्या खिडकीवर तुमची पदवीची गुणपत्रिका कुणी मागणार नाही. पण ती तुम्ही स्वतः मात्र एकदा समोर घेऊन बसले पाहिजे. तिच्यात गुण का गेले याचे खरे उत्तर सापडल्याशिवाय नोकरी सोडू नका, कर्ज काढू नका आणि क्लासची फी भरू नका. हा लेख त्या उत्तरापर्यंत आणि तिथून पुढे जाण्यासाठी आहे.

वय आणि प्रयत्न : दार उघडे आहे

काही वर्षांपूर्वी खुल्या प्रवर्गाला २५ आणि आरक्षित प्रवर्गाला ३० वर्षांची कमाल वयोमर्यादा घातली गेली होती. त्यावर न्यायालयात दाद मागितली गेली. अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ती मर्यादा काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये तो जाहीर झाला. आता किमान वय १७ वर्षे एवढीच अट उरली आहे. नीट किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही. ओडिशातले जय किशोर प्रधान स्टेट बँकेतून निवृत्त झाल्यावर २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी नीट उत्तीर्ण झाले आणि बुर्ला येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्यांचे उदाहरण अपवादात्मक आहे, त्यावर कुणी आपले गणित बांधू नये. पण ‘आता वय निघून गेले’ हे कारण नियमाच्या पातळीवर उरलेले नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

बारावीची गुणपत्रिका काढा

पहिले काम घरच्या पेटीतली बारावीची गुणपत्रिका शोधण्याचे. ती हातात आली की तुम्ही पुढील चारपैकी एका गटात बसाल.

पहिला गट : बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय होते आणि गुणही पुरेसे आहेत. आजवरच्या राज्य प्रवेश माहितीपुस्तिकांत खुल्या प्रवर्गासाठी तीन विज्ञान विषयांत मिळून ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गांसाठी ४० टक्के अशी अट आहे. म्हणजे ३०० पैकी अनुक्रमे १५० आणि १२०. ही बेरीज फक्त या तीन विषयांची करायची. गणित, मराठी किंवा एकूण टक्केवारी यांचा इथे संबंध नाही. एवढे गुण असतील तर थेट नीटचा अर्ज भरा.

दुसरा गट : तिन्ही विषय होते, पण गुण अटीपेक्षा कमी आहेत. राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना बारावी उत्तीर्ण झाल्यानंतरच्या लगतच्या काही परीक्षांपुरतीच असते. बारावी होऊन बरीच वर्षे झाली असतील तर हा रस्ता बहुधा बंद झालेला असतो. अशा वेळी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, विज्ञान विषय घेऊन बारावी पुन्हा देण्याचा पर्याय तपासावा.

तिसरा गट : बारावीला गणित होते, जीवशास्त्र नव्हते. इंजिनिअरिंग केलेले बहुतेक जण याच गटातले. पूर्वी त्यांना दार बंदच होते. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढून ते उघडले. बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही आता नीट देता येते. राज्य मंडळाच्या परीक्षा अर्जात ‘तुरळक विषय’ असा प्रकार असतो. तुमच्या बाबतीत तो लागू होतो का, प्रात्यक्षिकाची सोय कोणते कनिष्ठ महाविद्यालय करेल, हे आपल्या जुन्या महाविद्यालयात आणि मंडळाच्या पुणे विभागीय कार्यालयात विचारा. अहिल्यानगर जिल्हा याच विभागात येतो. तिथे जमले नाही तर एनआयओएस आहेच.

चौथा गट : दहावीनंतर थेट डिप्लोमा केलेले. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात डिप्लोमाची किंमत मोठी असली तरी वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह बारावीच हवी. या गटाने नीटचा विचार करण्याआधी बारावीसाठी वेगळा वेळ धरावा.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटाने एक गोष्ट जपावी. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागते आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. त्यामुळे मुक्त विद्यालयाचे अभ्यासकेंद्र राज्यातलेच निवडा. पैसे भरण्याआधी राज्याचे प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली अट स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या किंवा एजंटच्या तोंडी शब्दावर बारावीसारखी गोष्ट सोडू नये.

आता पदवीची गुणपत्रिका

पदवीचे गुण प्रवेशात मोजत नाहीत, म्हणून अनेकांना हायसे वाटते. पण ती गुणपत्रिका तुमच्या अभ्यासाच्या सवयींची नोंद आहे. एमबीबीएसमध्ये त्या सवयी पुन्हा समोर येतात आणि तिथे त्यांची किंमत फार मोठी असते. पहिल्या वर्षाची विद्यापीठ परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यात जाता येत नाही. एटीकेटी घेऊन वर चढण्याची सोय तिथे नाही. २०२३ च्या नियमावलीप्रमाणे पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तीन विषयांचा पहिल्या वर्षातला व्याप इतका असतो की परीक्षेच्या आधीचा महिना जागून तो भरून निघत नाही.

म्हणून एका संध्याकाळी शांतपणे प्रत्येक सत्राचे गुण समोर ठेवा आणि प्रत्येक नापास विषयापुढे कारण लिहा. कामामुळे तासांना जाता आले नाही? इंग्रजीतले पुस्तक समजत नव्हते? विषयाची आवडच नव्हती? घरात आजारपण होते? की वर्षभर पुस्तक उघडलेच नाही? पहिल्या चार कारणांवर उपाय आहेत. परिस्थिती बदलली आहे का, एवढेच तपासायचे. पाचवे कारण खरे असेल तर आधी सवय बदलल्याचा पुरावा स्वतःला द्यावा लागेल आणि तो नोकरीत असतानाच द्यावा लागेल.

त्यासाठी तीन महिन्यांची एक चाचणी सुचवतो. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची दोन पुस्तके घ्या. रोज दोन तास, शिफ्ट कोणतीही असो, नेमाने वाचा. सुरुवातीलाच नीटची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून तीन तासांत सोडवा आणि तिचे गुण लिहून ठेवा. तीन महिन्यांनी वेगळ्या वर्षाची प्रश्नपत्रिका तशीच सोडवा. जीवशास्त्राचे गुण ठळकपणे वाढले असतील आणि रोजचे दोन तास क्वचितच चुकले असतील, तर पुढचे पाऊल टाका. तीन महिन्यांत रोजचे दोन तासही जमले नाहीत, तर नोकरी सोडल्यावर दहा तास जमतील अशी आशा धरू नका.

नोकरी सांभाळून अभ्यास

नीटमध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, एकूण ७२० गुण. त्यांतले निम्मे, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राला आहेत. इंजिनिअरला भौतिकशास्त्र जवळचे वाटेल, पण निम्मा पेपर त्याच्यासाठी नवा असेल. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र केलेल्याला जीवशास्त्र सोपे जाईल, पण भौतिकशास्त्रातली गणिते अडवतील. आपला कच्चा विषय आधी ओळखा आणि सकाळचा ताजा वेळ त्यालाच द्या.

राज्य मंडळाच्या पुस्तकांवर वाढलेल्यांनी एक सवय मोडली पाहिजे. नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या ओळींच्या फार जवळ असतात. त्यामुळे मुख्य वाचन त्याच पुस्तकांचे ठेवा. आकृत्या आणि तक्तेही सोडू नका. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, ही आपल्या भागातल्या मुलांसाठी मोठी सोय आहे. तरी पारिभाषिक शब्द इंग्रजीतही पाठ ठेवा, कारण पुढचे सगळे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून होते.

रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन धडा सुरू करू नका. त्या आठवड्यात जुन्या धड्यांची उजळणी आणि प्रश्न सोडवणे ठेवा. नवीन धडे दिवसपाळीच्या आठवड्यात. सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण पेपर, शक्यतो दुपारी दोन ते पाच, कारण गेली काही वर्षे परीक्षा त्याच वेळेत होते आहे. नगरला किंवा पुण्याला जाऊन क्लास लावायचा असेल तर प्रवासात जाणारा वेळ हिशेबात धरा. बसमध्ये रोज दोन-तीन तास घालवून केलेल्या क्लासपेक्षा घरी बसून सोडवलेले प्रश्न बहुतेकांना जास्त देतात. महाज्योतीसारख्या संस्थेचे नीटचे मोफत प्रशिक्षण दहावी होऊन अकरावीला गेलेल्या मुलांसाठी असते. त्यावर नोकरदाराने विसंबू नये. घरातल्या धाकट्या भावंडाला मात्र ते जरूर सांगावे.

नोकरी कधी सोडायची? मागच्या दोन-तीन वर्षांत आपल्या प्रवर्गातल्या शेवटच्या सरकारी जागेचा क्रमांक काय होता, ते सीईटी सेलच्या याद्यांतून काढा. तुमचे सरावाचे पेपर त्या क्रमांकाच्या जवळ जाऊ लागले असतील आणि वर्षभराच्या घरखर्चाची रक्कम बँकेत असेल, तर परीक्षेआधीचे काही महिने बिनपगारी रजा मागता येते का ते आधी पाहा. राजीनामा हा शेवटचा पर्याय ठेवा.

गुणांपेक्षा क्रमांक पाहा

‘किती गुण पडले की सरकारी मिळते?’ असे सगळे विचारतात. पण गुणांची पातळी दर वर्षी हलते. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्र अवघड गेले आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. म्हणून मित्राच्या मागच्या वर्षीच्या गुणांशी स्वतःची तुलना करू नका.

पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांतही मोठे अंतर आहे. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि सरकारी जागा त्यांच्या निम्म्याच्या आसपास. निकालावर ‘पात्र’ लिहून आले म्हणून पेढे वाटण्याआधी क्रमांक पाहा.

जागा आणि पैसा : आपल्या जिल्ह्यापासून हिशेब

प्रवेशाचे अर्ज दोन ठिकाणी होतात आणि दोन्हींची नोंदणी नीटच्या अर्जापेक्षा वेगळी असते. अखिल भारतीय १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून, म्हणजे एमसीसीकडून, भरली जातात. राज्याच्या ८५ टक्के सरकारी जागा आणि खासगी महाविद्यालये मुंबईच्या सीईटी सेलकडून. आपल्या जिल्ह्यात हा फरक सहज दिसतो. लोणीचे प्रवरा अभिमत विद्यापीठ असल्याने एमसीसीच्या यादीत येते. विळद घाटातले डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न असल्याने सीईटी सेलच्या यादीत येते. मे २०२५ मध्ये चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत जिल्ह्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयालाही मंजुरी देण्यात आली. पर्याय भरताना ज्या महाविद्यालयाचे नाव त्या वर्षीच्या जागांच्या यादीत आहे, तेच धरायचे.

शुल्काचा फरक फार मोठा आहे. सरकारी महाविद्यालयात वर्षाला साधारण एक ते दोन लाखांत भागते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते काही लाखांत असते. अभिमत विद्यापीठात काही ठिकाणी ते वर्षाला २० लाखांच्याही वर जाते. हे साडेपाच वर्षांचे शिक्षण आहे : साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास त्यानंतर राज्याची एक वर्षाची बंधपत्रित सेवा. पुढे एमडी किंवा एमएस करायचे तर आणखी तीन वर्षे. आज २७ वर्षांचे असाल आणि तयारीला दोन वर्षे लागली, तर एमबीबीएस पदवी हाती येईपर्यंत पस्तिशी जवळ आलेली असेल. लग्न, मुले, आईवडिलांचे आजारपण, शेतावरचे कर्ज, सगळे त्याच वर्षांत येते. म्हणून हा निर्णय घरात बसून, सगळ्यांसमोर आकडे मांडून घ्या. तुमच्या पगारावर किती माणसे अवलंबून आहेत, हा प्रश्न नीटच्या गुणांइतकाच महत्त्वाचा आहे.

मदतीचे मार्गही आहेत. ठरावीक प्रवर्गांतल्या आणि वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना राज्याने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिली आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज महाडीबीटीवर भरता येतात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत पतहमी योजनेत तारणाशिवाय मिळू शकते. त्यापुढे बँका बहुतेक वेळा तारण मागतात. वडिलोपार्जित जमीन गहाण टाकून अभिमत विद्यापीठाची जागा घेण्याआधी पदवीनंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या उत्पन्नातून तो हप्ता फिटेल का, हे कागदावर मांडा. बहुतेकांना उत्तर ‘नाही’ असे येईल.

कागदपत्रे आजच सुरू करा

नोकरदार उमेदवार अनेकदा गुणांवर नाही, कागदावर अडतो. अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र यांची सुरुवात पारनेर तहसीलच्या सेतूपासून होते. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात, म्हणून जिल्हा जात पडताळणी समितीकडचा प्रस्ताव नीटच्या आधीच टाका. शेवटच्या महाविद्यालयाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांचे गॅप प्रतिज्ञापत्रही लागते. मूळ गुणपत्रिका जुन्या महाविद्यालयात किंवा कंपनीत जमा असेल तर ती आधी सोडवून घ्या. सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेही तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी

परदेशात एमबीबीएस करायचे तरी भारतात वैद्यकी करण्यासाठी नीट पात्रता लागतेच. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते आणि परतल्यावर परवाना परीक्षा व भारतात आणखी एक वर्षाची आंतरवासिता असते. ‘नीट नको, फक्त पैसे भरा’ म्हणणाऱ्या एजंटला तिथेच थांबवा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांची स्थिती मात्र उलटी आहे. तिथे वैद्यकीय प्रवेश पदवीनंतर होतो आणि पदवीतला प्रत्येक गुण मोजला जातो, नापास झालेल्या विषयाचासुद्धा. अशांनी पदवीनंतर विज्ञानाचे विषय पुन्हा घेऊन सलग दोन वर्षे चांगले गुण मिळवणे, एमकॅट या तिथल्या प्रवेश परीक्षेची तयारी आणि रुग्णालयातला खरा अनुभव यांवर भर द्यावा. तिथेही शेवटी विचारले जाते ते हेच : गुण का गेले होते आणि आता काय बदलले आहे?

सेवेची इतर दारे

प्रवेशाआधी महिन्यातून एखादा दिवस पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नगरच्या जिल्हा रुग्णालयात परवानगी घेऊन थांबा. रुग्णांच्या रांगा, नातेवाइकांची घालमेल, परिचारिकांची धावपळ पाहा. त्यात तुम्हाला नेमके कोणते काम करावेसे वाटते, ते लक्षात घ्या. बी.ए.एम.एस. आणि फिजिओथेरपी यांचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. बी.एस्सी. नर्सिंगला वेगळी प्रवेश परीक्षा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षणाचे मार्ग आहेत.

हे मार्ग दुय्यम नाहीत, आणि याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, बहुतांशी निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्या बायकांनी बाळंतपणे, कुपोषण आणि कुष्ठरोग यांच्याशी गावोगावी झुंज दिली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे काम जगभर अभ्यासले गेले.

डॉक्टरच व्हायचे, हे त्यानंतरही पक्के असेल, तर या आठवड्यात तीन कामे करा. बारावीची गुणपत्रिका काढून तीन विषयांची बेरीज करा. पदवीच्या प्रत्येक नापास विषयापुढे खरे कारण लिहा. आणि नीटची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. पहिल्या पेपरला गुण फार कमी पडतील, त्याने खचू नका. तीन महिन्यांनंतरचा पेपर तुम्हाला कोणत्याही समुपदेशकापेक्षा खरे सांगेल. तो पुढे जा म्हणाला, तर पदवीच्या पास क्लासचे ओझे मनावरून उतरवून पूर्ण ताकदीने पुढे जा.